कारखानदार ते गव्हर्नर : जॉर्ज रोम्नी

उद्योगधंद्यांत नांव काढलेल्या मनुष्याच्या हातीं राज्याचा कारभार दिला तर तो त्या कारभाराचें सोनें करील कीं माती, हा प्रश्न लोकशाही देशांत वारंवार विचारला जातो. ज्यानें बुडता कारखाना वर काढला, हजारों माणसांना काम दिलें, हिशेबाच्या वहींत तोट्याच्या ठिकाणीं नफा लिहिला, त्याला सरकारी खजिन्याची तूट भरून काढणें काय अवघड आहे, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, दुकान निराळें आणि दरबार निराळा. माल नावडला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानीं जातें, पण राज्यांत कर द्यावयाची इच्छा नसलेल्यालाहि तो द्यावाच लागतो, आणि ज्याला मत दिलें नाहीं त्याच्याच सत्तेखालीं राहावें लागतें. हा वाद नुसत्या तर्कानें सुटण्यासारखा नाहीं. त्यासाठीं एखाद्या माणसाचें चरित्रच तपासून पाहावें लागतें. आणि या दृष्टीनें अमेरिकेंतील मिशिगन राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रोम्नी यांचें चरित्र विशेष बोधप्रद आहे.

प्रथम ‘गव्हर्नर’ या शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. भारतांत गव्हर्नर म्हणतांच डोळ्यांपुढें राजभवन उभें राहतें. भारतीय घटनेच्या १५५ व्या कलमाप्रमाणें राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात, आणि प्रत्यक्ष कारभार विधानसभेला जबाबदार असलेलें मंत्रिमंडळ चालवितें. अमेरिकेंतील रचना याहून अगदीं वेगळी आहे. तेथील ५० राज्यांपैकीं प्रत्येकाचा गव्हर्नर थेट लोकांनीं निवडून दिलेला असतो. तोच राज्याचा मुख्य कारभारी. अंदाजपत्रक तो मांडतो, विधेयकें नामंजूर करण्याचा अधिकार त्याला असतो, आणि राज्याचें राष्ट्रीय रक्षकदल त्याच्या हुकुमांत असतें. मात्र कायदे करणें आणि कर मंजूर करणें विधिमंडळाच्या हातीं. आणि तें विधिमंडळ त्याच्या पक्षाचें असेलच असें नाहीं, असलें तरी त्याचें ऐकेलच असेंहि नाहीं. म्हणजे या गव्हर्नराची जागा राज्यपालापेक्षां मुख्यमंत्र्याला अधिक जवळची. फरक एवढाच कीं, बहुमत गेलें म्हणून त्याचें पद जात नाहीं, आणि बहुमत नसतांनाहि त्याला राज्य चालवावें लागतें. कारखान्यांतून आलेल्या मनुष्याची खरी परीक्षा येथेंच होते.

जॉर्ज रोम्नी यांचा जन्म ८ जुलै १९०७ रोजीं मेक्सिको देशांतील चिवावा प्रांतांत, कोलोनिया डब्लान नांवाच्या लहानशा वसाहतींत झाला. आईबाप अमेरिकन नागरिक व मॉर्मन पंथाचे. या पंथांत पूर्वीं बहुपत्नीकत्वाची चाल होती. अमेरिकन सरकारनें तिच्याविरुद्ध कडक कायदे केले, तेव्हां कांहीं कुटुंबें सरहद्द ओलांडून मेक्सिकोंत जाऊन राहिलीं. त्यांतच रोम्नींचे आजे होते. रोम्नींच्या वडिलांनीं मात्र एकच विवाह केला. १९१२ सालीं मेक्सिकोंतील क्रांतीचा वणवा या वसाहतींपर्यंत येऊन पोंचला आणि पांच वर्षांच्या जॉर्जला घेऊन कुटुंबाला घरदार टाकून पळावें लागलें. टेक्सासमधील एल पासो या गांवीं सरकारी मदतीवर त्यांनीं कांहीं दिवस काढले. पुढें लॉस एंजलिस, आयडाहो, सॉल्ट लेक सिटी असें स्थलांतर होत राहिलें. वडील घरें बांधण्याचे मक्ते घेत. कधीं धंदा चांगला चाले, कधीं सर्वस्व जाई. अकराव्या वर्षीं जॉर्ज साखरेच्या बीटाच्या शेतांत मजुरी करीत होता. पैसा येतो तसा जातोहि, आणि गेला तरी माणूस पुन्हां उभा राहूं शकतो, हा धडा त्याला पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

मॉर्मन तरुणांनीं कांहीं काळ धर्मप्रसारासाठीं परमुलखीं जावें असा त्या पंथाचा रिवाज आहे. त्याप्रमाणें १९२६ ते १९२८ पर्यंत रोम्नी इंग्लंड व स्कॉटलंड या देशांत होते. लंडनमधील टॉवर हिल व हाइड पार्क या ठिकाणीं उघड्यावर उभें राहून, थट्टा करणाऱ्या गर्दीपुढें बोलण्याची संवय त्यांना तेथें लागली. परत आल्यावर त्यांनीं निरनिराळ्या महाविद्यालयांत नांव घातलें, पण पदवी कोठलीच घेतली नाहीं. याचें एक कारण म्हणजे लेनोर लाफाउंट. शाळेपासून त्यांचें मन या मुलीवर बसलें होतें; ती वॉशिंग्टनला गेली, तेव्हां तेहि तिच्या मागोमाग १९२९ सालीं तेथें गेले. लेनोर यांना अभिनयाची आवड होती आणि एका मोठ्या चित्रपट-कंपनीचा करारहि त्यांच्यापुढें होता. तो बाजूला सारून त्यांनीं १९३१ च्या जुलै महिन्यांत रोम्नींशीं विवाह केला.

वॉशिंग्टनमध्यें रोम्नी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डेव्हिड वॉल्श यांच्या कचेरींत लघुलेखक म्हणून लागले. जकातीच्या कायद्याचें काम त्या वेळीं चाललें होतें; सरकारी कागद कसा तयार होतो, कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो आणि कोठें अडतो, हें त्यांना जवळून पाहावयास मिळालें. १९३० सालीं ते ॲल्युमिनियम कंपनी ऑफ अमेरिका या मोठ्या कंपनींत गेले आणि तिची बाजू सरकारदरबारीं मांडण्याचें काम त्यांनीं अनेक वर्षें केलें. १९३९ सालीं ते मोटार-कारखानदारांच्या संघाचे अधिकारी म्हणून डेट्रॉइट शहरीं आले. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर १९४२ च्या फेब्रुवारींत खासगी मोटारींचें उत्पादन बंद झालें आणि सगळे कारखाने रणगाडे, विमानांचीं इंजिनें व तोफा यांकडे वळविण्यांत आले. एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनीं युद्धापुरतीं यंत्रें व ज्ञान वाटून घ्यावें यासाठीं जें मंडळ निघालें, त्याचे व्यवस्थापक रोम्नी होते. तेव्हां कारखाना चालविण्याआधीं अनेक कारखानदारांना एका टेबलाशीं बसविण्याची कला त्यांना अवगत झाली होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९४८ सालीं ते नॅश-केल्व्हिनेटर या कंपनींत गेले. नॅश या मोटारी आणि केल्व्हिनेटर हीं शीतकपाटें. यांतील दुसरें नांव पुढें भारतांतील मध्यमवर्गीय घरांतूनहि परिचयाचें झालें. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांनीं त्यांना प्रारंभीं ठराविक खातें न देतां सर्व विभागांतून हिंडवून धंदा शिकविला. मेसन यांचें मत असें कीं, जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तीन बलाढ्य कंपन्यांपुढें लहान कंपन्यांनीं एकेकट्यानें टिकाव धरणें अशक्य आहे. त्यांनीं एकत्र यावें. त्याप्रमाणें १ मे १९५४ रोजीं नॅश-केल्व्हिनेटर व हडसन या कंपन्या मिळून अमेरिकन मोटर्स ही कंपनी झाली. सुमारें २० कोटि डॉलर किंमतीचें हें एकीकरण होतें. पण सहा महिने झाले नाहींत तोंच, ऑक्टोबरमध्यें, मेसन यांचा अकस्मात् मृत्यु झाला, आणि नवी व दुबळी कंपनी सत्तेचाळीस वर्षांच्या रोम्नींच्या गळ्यांत पडली.

पहिलीं वर्षें फार कठीण गेलीं. तोटा वाढत होता, भाग सात डॉलरांवर आला होता, आणि कंपनी आज जाते कीं उद्यां अशी बाजारांत बोलवा होती. रोम्नींनीं स्वतःच्या व वरिष्ठांच्या पगारांस कात्री लावली. त्याहून मोठा निर्णय मालाविषयींचा होता. त्या काळच्या अमेरिकन मोटारी वर्षागणिक लांब, रुंद व जड होत होत्या. मागल्या बाजूस माशाच्या परांसारखे पत्रे फुटले होते. आणि शेजाऱ्याची गाडी आपल्या गाडीहून हातभर लांब आहे हें दुःख विकूनच कारखाने चालत होते. रोम्नींनीं नॅश व हडसन हीं दोन्ही जुनीं, मानाचीं नांवें १९५७ नंतर बंद केलीं आणि सगळी भिस्त रॅम्बलर या लहान, सुटसुटीत व कमी पेट्रोल खाणाऱ्या गाडीवर ठेवली. स्वतः गांवोगांव हिंडून ते व्याख्यानें देत. मोठ्या गाड्यांना ते ‘पेट्रोल पिणारे डायनोसॉर’ म्हणत; अंग वाढत गेलें आणि बुद्धि वाढली नाहीं म्हणून जे प्राणी नष्ट झाले, त्यांच्यांतले हे अवशेष तुमच्या दारापुढें उभे आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असे. हें एकच विशेषण जाहिरातींच्या ढिगाऱ्यापेक्षां अधिक परिणामकारक ठरलें.

१९५८ हें अमेरिकेंत मंदीचें वर्ष. इतर कारखान्यांची विक्री त्या वर्षीं खालीं गेली. रॅम्बलरची मात्र वाढली, आणि अमेरिकन मोटर्सनें पहिल्यांदांच नफा दाखविला. १९५९ च्या अखेरीस तिन्ही बड्या कंपन्यांना आपापल्या लहान गाड्या बाजारांत आणाव्या लागल्या. ज्याची थट्टा केली त्याचेंच अनुकरण करण्याची पाळी त्यांच्यावर आली. सात डॉलरांचा भाग नव्वद डॉलरांपर्यंत चढला व रोम्नी लक्षाधीश झाले. तरी आपला पगार व बोनस मिळून एखाद्या वर्षीं वाजवीपेक्षां अधिक होतो असें वाटलें कीं, वरची रक्कम ते कंपनीला परत करीत. १९५८ सालीं सिनेटच्या समितीपुढें साक्ष देतांना त्यांनीं सांगितलें कीं, अवाढव्य कंपन्या आणि अवाढव्य मजूरसंघ या दोहोंचेंहि विभाजन व्हावें. सत्ता एका ठिकाणीं सांचली कीं ती कोणाचीहि असो, लोकांना जाचते. ही साक्ष भांडवलदारांना रुचली नाहीं आणि मजूरपुढाऱ्यांनाहि रुचली नाहीं. तरीहि १९६१ सालीं त्यांनीं मोटार-कामगारांच्या संघाशीं करार करून कामगारांना कंपनीच्या नफ्यांत वांटा दिला.

येथवरची कथा यशस्वी कारखानदाराची आहे. अशीं चरित्रें अमेरिकेंत पुष्कळ सांपडतात. रोम्नींचें वैशिष्ट्य हें कीं, निवडणुकीचा विचार करण्यापूर्वीं त्यांनीं सार्वजनिक कामाची उमेदवारी केली. डेट्रॉइटच्या शाळांना काय हवें याचा शोध घेणाऱ्या नागरिक-समितीचें अध्यक्षपद त्यांनीं १९५६ च्या अखेरीपासून सांभाळलें. तेवढ्यांत राज्याच्या खजिन्याचीच दुर्दशा उघडी पडली. मिशिगनमध्यें गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि सिनेट रिपब्लिकन पक्षाची. कर कोणता बसवावा याविषयीं दोघांचें जमेना. शेवटीं १९५९ च्या मे महिन्यांत राज्याच्या नोकरांना पगार देण्यास खजिन्यांत पैसे उरले नाहींत. मोटारींची राजधानी समजल्या जाणाऱ्या संपन्न राज्याची अशी शोभा झाली. त्याच वर्षीं रोम्नींनीं पक्षभेद बाजूस ठेवून ‘सिटिझन्स फॉर मिशिगन’ ही नागरिकांची संघटना काढली. राज्याची घटना १९०८ ची. तिच्यांत मोटारयुगाच्या गरजांना जागा नव्हती. ती नव्यानें लिहावी, अशी या संघटनेची मागणी होती. लोकांनीं ती मान्य केली आणि १९६१ च्या ऑक्टोबरमध्यें लॅन्सिंग या राजधानींत १४४ प्रतिनिधींची घटनापरिषद भरली. रोम्नी तिचे एक उपाध्यक्ष होते.

परिषदेचें काम चालू असतांनाच त्यांना रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठीं उभें राहण्याचा आग्रह होऊं लागला. निर्णय घेण्यापूर्वीं त्यांनीं चोवीस तास उपास व प्रार्थना केली. भारतीय वाचकाला यांत नवल वाटणार नाहीं. अमेरिकन वृत्तपत्रांनीं मात्र त्याचा बराच गवगवा केला. फेब्रुवारी १९६२ मध्यें त्यांनीं उमेदवारी जाहीर केली. कामगारांच्या वस्त्यांतून, कारखान्यांच्या फाटकांपाशीं उभें राहून ते हात मिळवीत फिरले. रविवारीं मात्र प्रचार करावयाचा नाहीं हा नियम त्यांनीं मोडला नाहीं. नोव्हेंबरांत ते सुमारें ८०,००० मतांनीं निवडून आले, आणि चौदा वर्षांनंतर मिशिगनमध्यें रिपब्लिकन गव्हर्नर आला.

१९६३ च्या जानेवारींत त्यांनीं अधिकार हातीं घेतला. नवी घटना १ एप्रिल १९६३ रोजीं लोकमताला टाकण्यांत आली व थोड्याशा मताधिक्यानें संमत झाली. शंभराहून अधिक मंडळें व खातीं स्वतंत्रपणें कारभार करीत होतीं, त्यांची संख्या वीसच्या आंत आणावी, गव्हर्नराची मुदत दोनाऐवजीं चार वर्षांची असावी, आणि नागरिकांचे समान हक्क राखण्यासाठीं घटनेनेंच एक आयोग स्थापावा, अशीं महत्त्वाचीं कलमें तिच्यांत होतीं. एवढ्यापर्यंत कारखानदाराची व्यवस्थाबुद्धि उपयोगी पडली. कराच्या प्रश्नावर मात्र तिची मर्यादा दिसून आली. राज्याला प्राप्तिकर बसविल्यावांचून गत्यंतर नाहीं हें रोम्नींना आंकड्यांवरून स्पष्ट दिसत होतें. त्यांनीं विधिमंडळाची खास बैठक बोलाविली व आपली योजना मांडली. दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्याच पक्षाचें. तरी वर्ष संपण्यापूर्वींच योजना कोसळली. कंपनीचा अध्यक्ष ज्या गोष्टीचा हुकूम सोडतो, ती गोष्ट गव्हर्नरास विनवून मिळवावी लागते. आणि ज्याची विनवणी करावयाची तो नोकर नसून आपल्या मतदारांना जबाबदार असतो.

या पराभवानें रोम्नी शहाणे झाले. १९६४ च्या निवडणुकींत दोन्ही सभागृहें विरोधी पक्षाकडे गेलीं, तरी त्यांच्याशीं त्यांनीं पुष्कळसें जुळवून घेतलें. गुरुवारीं सकाळीं कोणीहि नागरिकानें यावें व पांच मिनिटें गव्हर्नरांशीं बोलावें, असा त्यांनीं प्रघात पाडला. वेळेच्या बाबतींत ते इतके काटेकोर कीं, गोल्फ खेळतांनाहि सहा खळ्यांवर तीन चेंडू एकाच वेळीं घेऊन, धांवत, अठरा खळ्यांचा डाव उरकीत. शेवटीं १९६७ सालीं दोन्ही पक्षांतील आमदारांना वळवून त्यांनीं प्राप्तिकराचा कायदा मंजूर करून घेतला. व्यक्तींच्या उत्पन्नावर शेंकडा २.६ असा तो कर होता. त्यांच्या कारकीर्दींत राज्याचा खर्च दुपटीहून अधिक वाढला. कारखानदार आला म्हणजे सरकार आखूड होईल, अशी ज्यांची समजूत होती त्यांची निराशा झाली. रोम्नींचें म्हणणें असें कीं, राज्यानें आपलें काम नीट केलें नाहीं म्हणजेच सर्व सत्ता वॉशिंग्टनकडे वाहत जाते.

त्यांच्या कारकीर्दीचा सर्वांत तेजस्वी भाग काळ्या नागरिकांच्या हक्कांविषयींचा आहे. ते ज्या पंथाचे, त्या पंथांत १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना धर्माधिकार मिळत नव्हता. तरी राज्यापुढील तांतडीचा प्रश्न वर्णभेदाचा आहे, असें त्यांनीं गव्हर्नर होतांच विधिमंडळास सांगितलें. १९६३ च्या जूनमध्यें ग्रॉस पॉइंट या श्रीमंत गोऱ्या उपनगरांत, काळ्यांना घरें न विकण्याच्या चालीविरुद्ध मिरवणूक निघाली. तींत शर्टाच्या बाह्या दुमडून पहिल्या रांगेंत चालणाऱ्या माणसांत राज्याचे गव्हर्नर होते. पंथाच्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्यानें पत्र लिहून त्यांना या मार्गापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्याचा उपयोग झाला नाहीं. १९६४ सालीं त्यांच्या पक्षानें अध्यक्षपदासाठीं बॅरी गोल्डवॉटर यांना उभें केलें. गोल्डवॉटर यांनीं नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध मत दिलें होतें, म्हणून रोम्नींनीं त्यांना पाठिंबा दिला नाहीं. त्या वर्षीं डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन्सन यांनीं मिशिगन दहा लाखांहून अधिक मतांनीं जिंकलें. त्याच मतपेट्यांतून रोम्नीहि ३,८०,००० हून अधिक मतांनीं निवडून आले. १९६६ सालीं तर त्यांचें मताधिक्य पांच लाखांवर गेलें.

आणि तरीहि डेट्रॉइट पेटलें. २३ जुलै १९६७ रोजीं, रविवारीं पहाटे, बाराव्या रस्त्यावरील एका बेकायदा मद्यगृहावर पोलिसांनीं छापा घातला. त्यांतून ठिणगी पडली आणि पांच दिवस शहर जळत राहिलें. ४३ माणसें मेलीं. सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. रोम्नींनीं राष्ट्रीय रक्षकदल बोलाविलें, पण तें अपुरें पडलें. तेव्हां केंद्र सरकारचें सैन्य मागण्याची वेळ आली, आणि येथें शब्दांचा घोळ सुरू झाला. राज्यांत बंड झालें आहे व तें आवरण्यास राज्य असमर्थ आहे, अशी लेखी कबुली वॉशिंग्टनला हवी होती. ‘बंड’ हा शब्द कायद्यांत आला तर विमा-कंपन्या जळालेल्या घरांची व दुकानांची भरपाई नाकारतील, अशी रोम्नींना धास्ती होती. हा विचार अनुभवी व्यावहारिक मनुष्याचा होता आणि तो चुकीचाहि नव्हता. परंतु या घासाघिशींत मोलाचे तास गेले. अध्यक्ष जॉन्सन व गव्हर्नर रोम्नी हे पुढच्या वर्षींचे संभाव्य प्रतिस्पर्धी. प्रत्येक बाजूला दुसऱ्याच्या हेतूविषयीं शंका होती. अखेर मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणांत जॉन्सन यांनीं सैन्य पाठविल्याचें जाहीर केलें, तेव्हां गव्हर्नरांना परिस्थिति आवरली नाहीं याचा पुनःपुन्हां उल्लेख करावयास ते चुकले नाहींत.

दंगलीनंतर रोम्नी स्वस्थ बसले नाहींत. सप्टेंबरांत त्यांनीं देशांतील सतरा शहरांच्या गरीब वस्त्या स्वतः हिंडून पाहिल्या, आणि १९६८ सालीं घरांच्या विक्रींत व भाड्यांत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा मिशिगनमध्यें झाला. पण राष्ट्राध्यक्षपदाची त्यांची आशा तोंवर एका शब्दानें मावळली होती. १९६५ च्या अखेरीस ते व्हिएतनामला जाऊन आले होते व त्या वेळीं त्यांनीं युद्धाचें समर्थन केलें होतें. पुढें त्यांचें मत पालटलें. ३१ ऑगस्ट १९६७ रोजीं डेट्रॉइटमधील दूरचित्रवाणीच्या मुलाखतींत, मत कां बदललें, असा प्रश्न त्यांना विचारण्यांत आला. तेथील सेनापतींनीं व वकिलातीच्या अधिकाऱ्यांनीं आपली बुद्धि धुऊन काढली होती, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. कोरियाच्या युद्धांत शत्रूच्या कैदेंतील अमेरिकन सैनिकांविषयीं हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. ज्याची बुद्धि कोणीहि धुवावी असा मनुष्य अध्यक्ष कसा व्हावयाचा, असा गिल्ला वृत्तपत्रांतून झाला. सरकार युद्धाविषयीं लोकांना खरी माहिती देत नाहीं, हें त्यांचें मूळ म्हणणें बरोबर होतें, हें पुढें १९७१ सालीं उघडकीस आलेल्या सरकारी कागदपत्रांनीं दाखवून दिलें. पण तें ऐकून घेण्यास कोणी थांबलें नाहीं. त्याच हिंवाळ्यांत त्यांनीं आपलीं बारा वर्षांचीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें प्रसिद्ध केलीं. तेवढा उघडेपणा पूर्वीं कोणा उमेदवारानें दाखविला नव्हता. तोहि कामीं आला नाहीं. २८ फेब्रुवारी १९६८ रोजीं, पहिलें मतदान होण्यापूर्वींच, त्यांनीं माघार घेतली.

नवे अध्यक्ष निक्सन यांनीं त्यांना १९६९ सालीं गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचे मंत्री केलें. तेथें त्यांच्यांतला कारखानदार पुन्हां जागा झाला. मोटारीप्रमाणें घरांचे भाग कारखान्यांत तयार करून तीं स्वस्तांत उभीं करावीं, अशी मोठी योजना त्यांनीं हातीं घेतली. परंतु मोटार सगळ्या देशांत एकाच नियमानें चालते. घराला मात्र प्रत्येक गांवच्या नगरपालिकेचे नियम, प्रत्येक कारागीर-संघाच्या अटी आणि प्रत्येक शेजाऱ्याची नापसंती ओलांडावी लागते. योजना फारशी फळली नाहीं. गोऱ्या उपनगरांचीं दारें काळ्यांना उघडावीं म्हणून केंद्राच्या अनुदानाचा अंकुश वापरण्याचा त्यांचा प्रयत्न अध्यक्षांनाच नको होता. जानेवारी १९७३ मध्यें ते मंत्रिपदावरून दूर झाले, आणि उरलेलें आयुष्य त्यांनीं स्वयंसेवेची चळवळ वाढविण्यांत घालविलें. २६ जुलै १९९५ रोजीं, सकाळचा व्यायाम करीत असतांना, वयाच्या अठ्ठ्याऐशींव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. ते रोज सकाळीं पत्नीसाठीं एक फूल ठेवीत. त्या दिवशीं फूल दिसलें नाहीं म्हणून लेनोर त्यांना शोधीत गेल्या, असें सांगतात. त्यांचे चिरंजीव मिट रोम्नी हेहि व्यवसायांतून राजकारणांत आले व २००३ ते २००७ पर्यंत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांत कोणत्या स्वरूपाचें मिळतें? कारखान्यांत शिकलेल्या पुष्कळ गोष्टी रोम्नींना राज्यांत उपयोगी पडल्या : हिशेबाची चाड, वेळेची किंमत, पसरट कारभार आटोपशीर करण्याची दृष्टि. पण ज्या बळावर ते खरोखर यशस्वी झाले, तें बळ नफ्यातोट्याच्या वहींतलें नव्हतें. युद्धकाळांत प्रतिस्पर्ध्यांना एकत्र बसविणें, शाळांच्या समितींत पालकांचें ऐकणें, घटनापरिषदेंत विरोधकांशीं तडजोड करणें, हें शिक्षण त्यांना कारखान्याच्या मालकीनें दिलें नाहीं. जेथें तें शिक्षण विसरून त्यांनीं अध्यक्षाच्या खुर्चींतून योजना पुढें केली, तेथें ते हरले. शब्दांचें तर असें झालें कीं, ‘डायनोसॉर’ या एका शब्दानें त्यांना वर नेलें आणि दुसऱ्या एका शब्दानें खालीं आणलें. मोटारीविषयींचा शब्द खरा कीं खोटा, हें गिऱ्हाईक गाडी चालवून पाहूं शकत होतें. राज्यकर्त्याचा शब्द तपासण्यास लोकांजवळ तेवढा अवधि नसतो.

रॅम्बलर हें नांव अमेरिकेंतील बाजारांतून १९६९ नंतर नाहींसें झालें, आणि अमेरिकन मोटर्स ही कंपनी १९८७ सालीं क्रायस्लरनें विकत घेतली. रोम्नींनीं निवडणुकीपूर्वीं, एक प्रतिनिधि म्हणून, जिच्या रचनेंत भाग घेतला ती १९६३ ची घटना मात्र मिशिगन राज्यांत अद्यापि चालू आहे.